शिंतो देवस्थानातला शरद: लाल पाने आणि नवा भात

नोव्हेंबरमध्ये जपानला जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांच्या छायाचित्रांत एक चित्र हमखास असते. शेंदरी रंगाची उंच लाकडी कमान, तिच्यावर झुकलेली मेपलची लालभडक फांदी आणि खाली स्वेटर घालून उभी असलेली मंडळी. ती कमान कशासाठी असते, आत गेल्यावर लोक हातावर पाणी का घेतात, टाळ्या का वाजवतात आणि गाभाऱ्यात मूर्ती का दिसत नाही, असे विचारले की उत्तर बहुधा 'तिकडची पद्धत आहे' एवढ्यावर थांबते. या पद्धतीची उकल फार अवघड नाही. शरद ऋतूत ती सर्वांत सोपी असते असे माझे मत आहे, कारण शिंतो देवस्थानातील बहुतेक गोष्टींचे मूळ भाताच्या शेतीत आहे आणि शरद हा भात घरी येण्याचा काळ आहे. लाल पाने पाहावीत, त्यांचे चित्रही काढावे. मात्र देवस्थानाची भाषा समजून घ्यायची असेल तर नजर नव्या भातावर ठेवावी.

आधी 'कामी' म्हणजे काय

शिंतो या शब्दाचा अर्थ 'कामींचा मार्ग' असा होतो. या धर्माला एक संस्थापक नाही आणि सर्वांनी प्रमाण मानावा असा एकच धर्मग्रंथही नाही. कामी या शब्दाचे भाषांतर आपण सोयीसाठी 'देव' असे करतो, पण त्यात बरेच काही मावते. सूर्यदेवी आमातेरासू कामी आहे, एखादा जुना वृक्ष किंवा धबधबा कामी असू शकतो, आणि राजकीय कारस्थानाचा बळी ठरून इ.स. 903 मध्ये हद्दपारीत वारलेला सुगावारा नो मिचिझाने हा कवी-मंत्रीही पुढे कामी झाला. गावाच्या वेशीवरचा शेंदूर लावलेला दगड, देवराईतील वारूळ किंवा घाटमाथ्यावरचा म्हसोबा ज्याला परिचित आहे, अशा मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. फरक असा, की आपण दगडाला शेंदूर माखून, डोळे लावून तो दिसेल असा ठेवतो, तर शिंतो परंपरेत देवाचे वास्तव्य ज्या वस्तूत असते ती वस्तू झाकलेली राहते. ती बहुधा आरसा, तलवार किंवा मणी अशी असते, तिला 'शिंताइ' म्हणतात, आणि भक्तांना ती पाहायला मिळत नाही. दर्शन हा शब्द आपल्या देवळांत ज्या अर्थाने वापरला जातो, त्या अर्थाने येथे दर्शन नसते.

जपानमध्ये अशी सुमारे 80,000 देवस्थाने आहेत. त्यांना 'जिन्जा' म्हणतात. मोठ्या किंवा विशेष मानाच्या स्थानांच्या नावात 'जिंगू' किंवा 'ताइशा' असे शब्द येतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'जी' किंवा 'देरा' येते ती बौद्ध मंदिरे होत, आणि तेथे टाळ्या वाजवायच्या नसतात. दोहोंमधली ही रेघ आज ठळक दिसत असली तरी ती तशी अलीकडची आहे. शेकडो वर्षे बुद्ध आणि कामी एकाच आवारात नांदत होते. 1868 मध्ये सम्राट मेइजीच्या नव्या सरकारने त्यांना वेगळे करण्याचा हुकूम काढला, तेव्हा कित्येक ठिकाणच्या मूर्ती हलल्या आणि देवांची नावेसुद्धा बदलली. आपली सरस्वती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानात जाऊन 'बेंझाइतेन' झाली होती. या फेरबदलात अनेक देवस्थानांत तिच्या जागी एका शिंतो देवीचे नाव आले. लोक मात्र अजूनही तिला बेंझाइतेनच म्हणतात.

कमानीपासून गाभाऱ्यापर्यंत

कमानीला 'तोरी' म्हणतात. तिला दरवाजा नसतो आणि बहुधा भिंतही नसते. दोन खांब, दोन आडव्या तुळया आणि मधून वारा. तिच्या अलीकडे रोजचे जग आणि पलीकडे कामीचा परिसर, एवढेच ती सांगते. सगळ्याच तोरी शेंदरी नसतात. इसे येथील सर्वोच्च मानाच्या देवस्थानातील तोरी साध्या, रंग न दिलेल्या हिनोकी लाकडाच्या आहेत. आत शिरण्यापूर्वी किंचित वाकून नमस्कार करतात आणि वाटेच्या कडेकडेने चालतात, कारण वाटेचा मध्यभाग देवाच्या येण्याजाण्याचा मानला जातो. वाटेवर पसरलेल्या बारीक खडीचा पायाखाली करकर आवाज होतो आणि बोलणे आपोआप कमी होते.

पुढे पाण्याचे दगडी कुंड लागते. तेथे बांबूची किंवा लाकडाची लांब दांड्याची, अगदी आपल्या ओगराळ्याच्या आकाराची पळी ठेवलेली असते. उजव्या हाताने पाणी घेऊन आधी डावा हात धुवायचा, मग पळी डाव्या हातात घेऊन उजवा. पुन्हा डाव्या तळव्यावर पाणी घेऊन चूळ भरायची आणि डावा हात परत धुवायचा. पळीला तोंड लावायचे नाही. शेवटी पळी उभी धरायची, म्हणजे उरलेले पाणी ओघळून दांडा धुऊन निघतो आणि मागून येणाऱ्याच्या हातात स्वच्छ पळी जाते. हे सारे एका पळीभर पाण्यात बसवायचे असते. नवख्याचे पाणी दुसऱ्या टप्प्यावरच संपते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. 2020 च्या साथीनंतर अनेक ठिकाणी पळ्या काढून टाकून नळीतून वाहते पाणी सोडले आहे, आणि कुंडात ऋतूची फुले किंवा पाने तरंगत ठेवण्याची हौस वाढली आहे. नोव्हेंबरात त्या कुंडात शेवंती किंवा मेपलची पाने असतात आणि पाणी बोटे बधिर होतील इतके गार असते.

या धुण्यामागची कल्पना 'केगारे' या शब्दात आहे. केगारे म्हणजे पाप नव्हे. मृत्यू, रक्त, आजार यांच्या संपर्काने येणारा एक प्रकारचा मळ, जो विधीने झटकता येतो. घरात मृत्यू झाला असेल तर 50 दिवस देवस्थानात जाऊ नये असा संकेत आहे. सुतक पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला याचे अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.

कुंडाच्या पुढे प्रवेशाशी दगडी सिंहांसारख्या प्राण्यांची जोडी बसलेली असते. त्यांना 'कोमाइनू' म्हणतात. थांबून त्यांच्या तोंडांकडे पाहावे: एकाचे उघडे आणि दुसऱ्याचे मिटलेले असते. उघड्या तोंडाचा 'आ' म्हणतो आणि मिटलेल्या तोंडाचा 'उन्'. हे संस्कृतातील 'अ' आणि 'हूं' होत, वर्णमालेचा आरंभ आणि शेवट. ही अक्षरे बौद्ध धर्माबरोबर जपानात गेली आणि शिंतो देवस्थानांच्या दारात बसली. जपानी भाषेत दोन माणसांचे न बोलता जमत असेल तर त्यांचा श्वास 'आ-उन्' जुळला आहे असे म्हणतात.

मग मुख्य इमारत. भक्त जिथे उभे राहतात तो सभामंडप म्हणजे 'हाइदेन', आणि त्यामागे, बहुधा कुंपणाआड, देवाचा गाभारा म्हणजे 'होंदेन'. समोर जाळीची मोठी दानपेटी असते. तिच्यात नाणे टाकायचे, घंटेची जाड दोरी असेल तर ती हलवायची, दोनदा कमरेतून वाकायचे, दोन टाळ्या वाजवायच्या, हात जोडून मनातले बोलायचे आणि पुन्हा एकदा वाकायचे. हा दोन-दोन-एक असा क्रम मेइजी काळानंतर सगळीकडे एकसारखा झाला. पश्चिम जपानमधील इझुमो या मोठ्या देवस्थानात मात्र आजही चार टाळ्या वाजवतात. दानासाठी पाच येनचे नाणे आवडीने वापरतात, कारण पाच येनचा उच्चार 'गोएन' असा होतो आणि 'एन' म्हणजे ऋणानुबंध. लोक हा श्लेष सांगतात आणि पुढे जातात, पण नाणे पेटीत टाकण्याआधी ते एकदा उलटून पाहावे. मध्ये भोक असलेल्या त्या पिवळट पितळी नाण्यावर दाण्यांनी भरून वाकलेली भाताची लोंबी कोरलेली आहे. (अलीकडे जपानी बँका सुट्ट्या नाण्यांचा मोठा भरणा घेताना शुल्क आकारतात, त्यामुळे पेटीभर लहान नाणी ही पुजाऱ्यांची डोकेदुखी झाली आहे, हा भाग वेगळा.)

लोंबीचा माग

एकदा ही लोंबी नजरेत भरली की ती जागोजाग दिसू लागते. गाभाऱ्यावर किंवा जुन्या वृक्षाच्या बुंध्याला बांधलेला जाड पिळाचा दोर, 'शिमेनावा', भाताच्या पेंढ्याचा असतो. इझुमोच्या एका मंडपावरचा असा दोर 13.6 मीटर लांब आणि 5.2 टन वजनाचा आहे. त्याच्याखाली उभे राहिले की हा दोर आहे यापेक्षा एखादे गलबत टांगले आहे असे वाटते. देवापुढे रचून ठेवलेली पेंढ्यात गुंडाळलेली पिंपे तांदळाच्या मद्याची, म्हणजे साकेची असतात. नैवेद्यात तांदूळ, साके, मीठ आणि पाणी यांना पहिला मान असतो.

क्योतोच्या दक्षिणेला फुशिमी इनारी हे स्थान आहे. 233 मीटर उंचीच्या टेकडीवर चढत जाणाऱ्या हजारो शेंदरी तोरींच्या बोगद्यामुळे ते जगप्रसिद्ध झाले आहे. या तोरी व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनी अर्पण केलेल्या आहेत. चढताना त्या कोऱ्या दिसतात, आणि मागे वळून पाहिले की प्रत्येकीवर देणगीदाराचे नाव आणि तारीख काळ्या अक्षरांत दिसते. आज इनारी हा धंद्याच्या बरकतीचा देव आहे, परंतु मुळात तो भाताचा. आख्यायिका अशी, की एका श्रीमंत माणसाने मोचीला, म्हणजे तांदूळ कुटून केलेल्या चिकट गोळ्याला, नेम धरण्याची चकती करून तिच्यावर बाण मारला. तिचा पांढरा पक्षी होऊन तो डोंगरावर गेला आणि जिथे उतरला तिथे भात उगवला. इनारी हे नाव 'भात उगवला' या अर्थाच्या शब्दांवरून आले असे ही कथा सांगते. या स्थानाची स्थापना इ.स. 711 ची मानतात. येथील दगडी कोल्हे देव नाहीत. ते देवाचे दूत आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या तोंडात लोंबी किंवा धान्यकोठाराची किल्ली असते.

या स्थानी जाण्यासाठी मला विचारले तर मी 8 नोव्हेंबर ही तारीख सुचवेन. त्या दिवशी दुपारी येथे 'हिताकी' हा अग्नीचा विधी होतो. आवारात नव्या भाताच्या पेंढ्याला अग्नी देतात आणि भक्तांची नावे व इच्छा लिहिलेल्या लाकडी काड्या हजारोंनी त्यात टाकतात. जुनी समजूत अशी आहे, की डोंगरातला देव वसंतात शेतात उतरतो, पीक पिकेपर्यंत शेताचा देव होऊन राहतो आणि सुगी झाली की पुन्हा डोंगरावर जातो. तो धूर म्हणजे त्याला दिलेला निरोप. तोरींचा बोगदा वर्षभर तोच असतो, हा निरोप वर्षातून एकदाच असतो.

इसे येथे हाच विचार राजकीय इतमामाने दिसतो. तेथील आतल्या देवस्थानात सूर्यदेवी आमातेरासू आणि बाहेरच्या देवस्थानात तिच्या अन्नाची व्यवस्था पाहणारी तोयोउके देवी आहे. देवीला रोज सकाळ-संध्याकाळ जेवण जाते आणि त्यासाठीचा विस्तव लाकडावर लाकूड घासून काढतात. दर 20 वर्षांनी दोन्ही गाभारे शेजारच्या मोकळ्या जागेत जसेच्या तसे नव्याने बांधले जातात. पहिला असा सोहळा इ.स. 690 मध्ये आणि बासष्टावा 2013 मध्ये झाला. पुढचा 2033 मध्ये आहे. वर्षातला सर्वांत मोठा उत्सव मात्र ऑक्टोबरच्या मध्यावर, 15 ते 17 या दिवसांत, रात्रीच्या अंधारात होतो. त्याचे नाव 'कान्नामे', म्हणजे देवाने नव्या भाताची चव घेणे. त्या वेळी गाभाऱ्याभोवतीच्या कुंपणावर देशभरातून आलेल्या भाताच्या जुड्या टांगलेल्या असतात, आणि त्यांत सम्राटाने राजवाड्याच्या आवारातील खाचरात स्वतः कापलेली लोंबीही असते. 1873 मध्ये जपानने नवे कॅलेंडर स्वीकारले तेव्हा जुन्या नवव्या महिन्यातला हा उत्सव सप्टेंबरमध्ये येऊ लागला, आणि त्या वेळी भात पिकलेलाच नसे. सहा वर्षे अशी ओढाताण झाल्यावर 1879 मध्ये उत्सव एक महिना पुढे ढकलला. कॅलेंडर बदलता येते, पिकाला घाई करता येत नाही.

देवाने चव घेतल्यावर माणसाची पाळी येते. 23 नोव्हेंबरला सम्राट नवे तांदूळ देवांना अर्पण करून मग स्वतः खातो. त्या विधीला 'नीनामे' म्हणतात आणि त्या दिवशी लहानमोठ्या देवस्थानांतही हाच विधी होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर राज्य आणि शिंतो यांची फारकत झाली आणि 1948 पासून ही सुट्टी 'श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस' म्हणून ओळखली जाते. कार्यालये बंद का आहेत हे विचारल्यावर बरेच जपानी तरुण हेच नाव सांगतील. नवा सम्राट गादीवर आल्यानंतरचे पहिले नीनामे विशेष थाटाचे असते आणि त्याला 'दाइजोसाइ' म्हणतात. नारुहितो यांचे ते 14 आणि 15 नोव्हेंबर 2019 या दिवशी रात्रभर झाले.

या विधीचे वय सांगणारा एक धागा पुराणकथेत आहे. इ.स. 712 मध्ये पूर्ण झालेल्या 'कोजिकी' या पुराणकथांच्या ग्रंथात आमातेरासू गुहेत जाऊन बसते आणि जग काळोखात बुडते ही प्रसिद्ध कथा येते. ती रुसली कशामुळे? तिच्या दांडगट भावाने, सुसानोओने, भातखाचरांचे बांध फोडले आणि जिथे ती नव्या भाताची चव घेणार होती त्या मंडपात घाण केली. सूर्य लपण्याच्या कथेचा आरंभ खाचराच्या बांधापासून व्हावा, हे कोकणातल्या कोणाही शेतकऱ्याला पटेल.

कोकणात आश्विनातल्या पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात, दाराच्या चौकटीवर लोंब्या आणि आंब्याची पाने एकत्र बांधून 'नवं' लावतात, आणि गोव्यात हिंदू घरांत 'नवें' तर चर्चमध्ये कणसांचे फेस्त होते. या चालीरीती आणि जपानी विधी यांच्यात कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. पावसावर आणि चिखलावर भात पिकवणारी माणसे पहिली मूठ आपल्या तोंडात घालण्यापूर्वी थांबतात, एवढेच साम्य आहे आणि ते पुरेसे आहे.

भाताचे मद्यही याच ऋतूचे. नारा प्रांतातील ओमिवा देवस्थानाला गाभाराच नाही, कारण 467 मीटर उंचीचा मिवा डोंगर हाच तेथे देव आहे आणि सभामंडपातून लोक डोंगरालाच नमस्कार करतात. हा देव मद्य करणाऱ्यांचा पाठीराखा आहे. 14 नोव्हेंबरला येथे नव्या हंगामातील मद्य निर्विघ्न तयार व्हावे म्हणून उत्सव होतो, आणि सुगी नावाच्या झाडाच्या हिरव्या डहाळ्यांचा भला मोठा गोळा मंडपात टांगतात. असेच गोळे देशभरातील मद्यशाळांच्या दारावर लागतात. गोळा हिरवा असेल तर मद्य नवे, आणि पाने तपकिरी पडत जातील तसे ते मुरत चालले, असे गिऱ्हाइकाला पाटी न वाचता कळते.

देव गावाला गेले आहेत

जुन्या चांद्र पंचांगातील दहाव्या महिन्याला जपानी भाषेत 'कान्नाझुकी' म्हणतात आणि त्याचा लोकमान्य अर्थ 'देव नसलेला महिना' असा आहे. या महिन्यात देशभरातील देव इझुमोला जमतात आणि कोणाची गाठ कोणाशी बांधायची हे ठरवतात. म्हणूनच एकट्या इझुमोत त्या महिन्याला 'देव असलेला महिना' म्हणतात. महिन्याच्या दहाव्या दिवशी रात्री इनासाच्या समुद्रकिनाऱ्यावर शेकोट्या पेटवून समुद्राकडून येणाऱ्या देवांचे स्वागत होते. तेथून ती मिरवणूक काळोखातून देवस्थानापर्यंत जाते. देवांच्या मुक्कामासाठी आवाराच्या दोन्ही बाजूंना लांबलचक चाळींसारख्या इमारती आहेत. एरवी त्यांची दारे बंद असतात, त्या सप्ताहात उघडी असतात. मागे राहणाऱ्या गावांची काळजी वाहण्यासाठी एबिसु हा मासेमाऱ्यांचा हसरा देव घरीच थांबतो.

या दहाव्या महिन्याची सुरुवात बहुतेक वर्षी आपल्या कार्तिकाबरोबर होते, त्यामुळे एक मौजेचा योग जुळतो. 2023 मध्ये इझुमोचे देवस्वागत 22 नोव्हेंबरच्या रात्री होते आणि दुसऱ्याच दिवशी पंढरपुरात कार्तिकी एकादशी होती. चार महिने निजलेला देव आपल्याकडे जागा होतो, त्याच्या आदल्या रात्री तिकडचे देव प्रवास संपवून मुक्कामी पोहोचतात. दर वर्षी असे जुळत नाही, कारण अधिक महिना दोन्ही पंचांगांत एकाच वेळी येईलच असे नसते.

आणि ती लाल पाने

पानांचा रंग बदलणे जपानात उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते. होक्काइदोच्या डोंगरांत सप्टेंबरच्या अखेरीस सुरुवात होते आणि क्योतोत नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बहर असतो. थंडीने पानातील हिरवे द्रव्य मोडू लागते. गिंको वृक्षात त्याखाली आधीच असलेला पिवळा रंग उघडा पडतो, तर मेपलमध्ये पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून लाल रंग नव्याने तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री कडक गारठा मिळाला तर तो लाल अधिक खुलतो. गिंकोच्या गळून पडलेल्या बियांवर मात्र पाय देऊ नये. त्यांच्या गराला असा वास येतो की बूट हॉटेलच्या खोलीत नेता येत नाहीत.

प्रवासी कंपन्या सांगत नाहीत अशी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. क्योतोमधील पानांसाठी गाजलेली बहुतेक स्थळे बौद्ध मंदिरे आहेत. शिंतो देवस्थानांचे स्वतःचे झाड 'साकाकी' आहे, आणि ते सदाहरित असते. देवापुढे वाहतात ती त्याचीच डहाळी. देवस्थानाभोवती राखलेल्या जंगलाला 'चिंजू नो मोरी' म्हणतात आणि आपल्या देवराईप्रमाणेच तेथील झाड सहसा तोडत नाहीत. तोक्योत 1920 मध्ये स्थापन झालेल्या मेइजी जिंगूभोवतीचे जंगल लोकांनी दिलेल्या सुमारे 1,00,000 झाडांतून माणसांनीच लावलेले आहे, आणि ते पुढे आपोआप सदाहरित होत जावे अशाच हिशेबाने तज्ज्ञांनी आखले होते. शरदात तेथे गेलेल्या माणसाला गर्द हिरवा काळोख भेटतो आणि त्याचा विरस होतो. तो होऊ देऊ नये, कारण देवस्थानाची मूळ वृत्ती तीच आहे.

लाल पानांचे देवस्थान पाहायचेच असेल तर क्योतोतील कितानो तेनमांगू पाहावे. इ.स. 947 मध्ये स्थापन झालेले हे स्थान वर उल्लेखिलेल्या मिचिझानेचे आहे, आणि आज तो विद्येचा देव असल्यामुळे परीक्षार्थींची येथे रीघ असते. आवाराच्या पश्चिमेला तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने 1591 मध्ये शहराभोवती उभारलेल्या मातीच्या तटाचा तुकडा शिल्लक आहे आणि त्यावर सुमारे 350 मेपल आहेत. खाली ओढा, त्यावर लाल लाकडी पूल आणि दोन्ही काठांवरून खाली झेपावणारा रंग. हे पाहताना एक जुना प्रसंग ठाऊक असावा. इ.स. 898 च्या शरदात निवृत्त सम्राटाबरोबर प्रवासाला निघालेल्या मिचिझानेला घाईत वाटेवरच्या देवाला वाहायचे वस्त्र बरोबर घेता आले नाही. तेव्हा त्याने कवितेतून देवाला विनवले, की या डोंगरावरच्या मेपलचे भरजरी वस्त्रच मर्जीप्रमाणे स्वीकारावे. पाने आणि देव यांचा संबंध एवढा सुरेख जोडणारा हा माणूस पुढे तीनच वर्षांनी हद्दपार झाला.

याच देवस्थानात ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघणारी पालखी मराठी माणसाने आवर्जून पाहण्यासारखी आहे. तिचे छप्पर अळूच्या देठांनी शाकारलेले असते आणि खांब, कोपरे, तावदाने भाज्या, धान्ये व सुकवलेल्या पदार्थांनी मढवलेली असतात. जवळ गेल्यावर वांगी, मिरच्या, दाणे यांतून घडवलेल्या बाहुल्या दिसतात. ज्या देठांची आपण भाजी करतो, त्यांच्याखाली तेथे देव बसतो.

पंधरा नोव्हेंबरची पाकिटे

नोव्हेंबरमध्ये कुठल्याही देवस्थानात, अगदी वस्तीतल्या लहान स्थानातसुद्धा, नटूनथटून आलेली मुले दिसतात. हा 'शिची-गो-सान', म्हणजे सात-पाच-तीन, या नावाचा संस्कार आहे. तीन आणि सात वर्षांच्या मुली आणि पाच वर्षांचे मुलगे, काही ठिकाणी तीन वर्षांचेही, आईवडिलांबरोबर येऊन इथवर सुखरूप वाढल्याबद्दल देवाचे आभार मानतात. ठरलेली तारीख 15 नोव्हेंबर; होक्काइदोत थंडीमुळे बरेच जण महिनाभर आधीच उरकतात, आणि शहरांत जवळचा रविवार गाठतात. पाच वर्षांच्या मुलाची हाकामा, म्हणजे चुणीदार घोळदार विजार, खडीतून फरफटत असते, सात वर्षांची मुलगी ओबीच्या, म्हणजे रुंद कमरपट्ट्याच्या, घट्ट बांधणीमुळे एकदम ताठ चालते, आणि प्रत्येकाच्या हातात करकोचा व कासव छापलेली उभट कागदी पिशवी असते. तिच्यात लाल-पांढऱ्या, काडीसारख्या लांब गोळ्या असतात. त्यांना 'हजार वर्षांची साखरगोळी' असे नाव आहे. या मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत. विचारले तर बहुतेक पालक आनंदाने हो म्हणतात.

मंडपात पुजारी मुलाचे नाव घेऊन प्रार्थना म्हणतो आणि पांढऱ्या कागदी पट्ट्यांची काठी डोक्यावरून सळसळत फिरवतो. त्याआधी बाहेरच्या खिडकीपाशी वडील कोटाच्या आतल्या खिशातून एक पांढरे पाकीट काढून दोन्ही हातांनी पुढे करतात. रक्कम बहुधा 5,000 ते 10,000 येन असते. तिला दक्षिणा किंवा शुल्क असे म्हणत नाहीत. पाकिटावर वरच्या बाजूला उभ्या ओळीत काळ्या शाईने तीन अक्षरे लिहिलेली असतात, 'हात्सुहोर्यो', आणि त्यांचा शब्दशः अर्थ होतो पहिल्या लोंबीचे मोल. ताईत घेताना द्यायच्या पैशालाही हाच शब्द आहे. तोक्योतल्या बाराव्या मजल्यावर राहणारा, आयुष्यात कधी खाचरात पाय न घातलेला तो बाप सकाळी पाकीट लिहायला बसतो तेव्हा हीच तीन अक्षरे लिहितो.